हिरव्या इरकलीची वही

"मुंग्या निघाल्याबिगर दप्तराला हात लावायचा न्हाई, सांगून ठेवतो!" राजमती म्हणाली.

तिने दप्तर अंगणातल्या पेरूच्या सावलीत उघडं करून ठेवलं होतं. तोंडाशी गुळाचा खडा होता. मुंग्यांना बाहेरची वाट सापडावी म्हणून. मुंग्याही घरच्या असल्यासारख्या निवांत एकेक करून येत होत्या. आणि नात ब्राह्मी, हायस्कुलात जाऊन जेमतेम महिना झालेली, एका वेणीला रिबीन आणि दुसरी मोकळी अशी दारात थयथयाट करत होती.

"अगं आज्जी, झटक की एकदा! वडाप थांबलंय!"

"झटकून मरत्यात त्या. चिक्कीचा तुकडा आत टाकलास तू, आन् मरायचं त्यांनी व्हय?"

सांगलीला पोरं नेणारा वडापवाला आकाराम जीपमधून ओरडला, "आवं आज्जी, मुंग्यास्नीबी येऊ द्या की. हाफ तिकिटात नेतो!"

जीपमधली सगळी पोरं खिदळली. शेवटी प्रियदर्शनी, म्हणजे ब्राह्मीची आई, पिठाचे हात पुसत आली, एकेक पुस्तक फुंकून फुंकून तांदळाच्या पिशवीत भरलं आणि पोरीला जीपमध्ये कोंबलं. त्या दिवशी वर्गात बाईंनी विचारलं, "दप्तर कुठंय?" तर ब्राह्मी उभी राहून म्हणाली, "आज्जीच्या मुंग्या हायत त्यात." दिवसभर वर्ग हसत होता. घरी येऊन हे तिनेच सांगितलं, आणि सांगताना स्वतःच सगळ्यात जास्त हसली.

पोरगी मंद नव्हती. उलट तल्लख होती. पण तिचं लक्ष चिमणीसारखं, एका फांदीवर बसेल तर शपथ. गावच्या शाळेत चौथीपर्यंत ते खपलं. एक खोली, एक गुरुजी, आणि काही विसरलंच तर घर हाकेच्या अंतरावर. हायस्कुलात तसं नव्हतं. तिथे घंटा झाली की बाई बदलायची, बाई बदलली की वही बदलायची. गणिताच्या तासाला ब्राह्मीच्या दप्तरातून चित्रकलेची वही निघायची आणि चित्रकलेच्या तासाला चिंचोके. पावसाळ्यात तिने छत्री हरवली, मग दुसऱ्याच पोरीचा रेनकोट घालून घरी आली. एकदा एकाच पायात मोजा घालून उतरली. दुसरा कुठे गेला ते त्या मोज्यालाच ठाऊक.

"हे असंच चाललं तर मी हिला वसतिगृहात घालणार," ब्राह्मीचा बाप, राजमतीचा लेक कल्लाप्पा जेवताना म्हणाला. दिवस बुडायला आला होता आणि घरातली सगळी पानावर बसली होती. "मीबी पाचवीपास्नं वसतिगृहातच होतो. आपली ताटली आपण धुवायची, आपली पेटी आपण लावायची. आपोआप वळण लागलं. सहामाहीपतूर बघतो. न्हाई सुधारली तर दिवाळीनंतर तिथंच."

कल्लाप्पा बोलला की करणारा माणूस. उसाचं पाणीसुद्धा तो ठरल्या वेळेला सोडायचा. राजमतीने भाताचा घास हातातच धरला. पोरगी अंगावरचं दूध सुटल्यापासून तिच्या कुशीत झोपत होती. झोपेत लाथा मारायची, पांघरूण ओढायची. पण त्या लाथांशिवाय राजमतीला आता झोप लागत नव्हती.

"आत्ती, जेवा की. दिवस बुडाला," प्रियदर्शनी म्हणाली. दिवस बुडाल्यावर जैनाच्या घरात जेवत नाहीत; राजमतीने घास ताटात ठेवला आणि हात धुतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने आपली जुनी ट्रंक उघडली.

राजमतीचं स्वतःचं हायस्कूल अर्ध्या वर्षाचं. माहेरी असताना तिच्या आईने वडलांच्या जुन्या धोतराचं दप्तर शिवून दिलं होतं, कडेला निळ्या दोऱ्याची वेल काढून. पाऊस संपून थंडी पडेपर्यंत ते तिच्या खांद्यावर होतं. मग धाकटा भाऊ जन्मला, आई अंथरुणाला खिळली आणि पाळण्याची दोरी राजमतीच्या हातात आली. दप्तर खुंटीवर राहिलं. ते कुणी उतरवलं नाही, तिनेही मागितलं नाही. पुढे एका सुगीत आईने त्यात धने भरून ठेवले. त्या दिवसानंतर कितीतरी दिवस राजमतीला धन्यांचा वास सोसत नसे. आता सोसतो. माणसाला सगळं सोसतं.

ट्रंकेतून तिने जुनी लुगडी काढली. सासूने दिलेली हिरवी इरकल, विरली होती पण काठ अजून कडक. कल्लाप्पाच्या बारशातलं जांभळं. बाजारातून मालकांनी न सांगता आणलेलं पिवळं, त्यावरून तिने त्यांना चार गोष्टी सुनावल्या होत्या आणि मग ते फाटेपर्यंत नेसली होती. आणि ते गेल्यानंतरचं पांढरं. कात्री लावताना ती थबकली नाही. प्रियदर्शनीनेच तिचं मनगट धरलं.

"आत्ती, इरकल कापू नका हो. किती वर्षांची हाय."

"मग आनखी किती वर्षं ट्रंकंत ठेवू? कामाला आली तर आली."

प्रत्येक विषयाच्या वहीपुस्तकांना एकेका लुगड्याचं कव्हर शिवलं गेलं. गणिताला हिरवी इरकल, मराठीला पिवळं, विज्ञानाला जांभळं. इंग्रजीला काय, तर पांढरं. "ती भाषा मला परकीच," राजमती म्हणाली. मग भिंतीवर वारांप्रमाणे चिंध्यांच्या ओळी टाचल्या. सोमवारच्या ओळीत हिरवी, पिवळी, पांढरी, म्हणजे सोमवारी त्या तीन रंगांच्या वह्या न्यायच्या. वाचता येवो न येवो, नुसतं बघून कळावं.

ब्राह्मी हरखली. "आज्जी, मी तुझी समदी ट्रंक घेऊन शाळंत जातो आता!" कृष्णाकाठच्या पोरी 'जातो-येतो'च म्हणतात, त्याला राजमतीही अपवाद नव्हती. वर्गातल्या अबोलीनेही म्हणे आपल्या आईकडे अशाच वह्या मागितल्या.

पण इथेच राजमतीची चूक झाली. रंग लावले पोरीसाठी, आणि दप्तर भरायला लागली स्वतः. दिवस बुडायच्या आत, जेवणाआधी, ती भिंतीसमोर बसायची, ओळ बघायची, वह्या उचलायची, त्यांच्या कडा जुळवून दप्तरात सारायची. पेन्सिलीला टोक. कंपासपेटी बाजूच्या कप्प्यात. दप्तर खुंटीला अडकवलं की ती क्षणभर त्यावरून हात फिरवायची. ब्राह्मी तेवढ्यात अंगणात मांजराच्या पिल्लाला गोल फिरवत असायची. हाक मारावी तर पोर खेळतंय, खेळू दे. आणि खरं सांगायचं तर हाक मारायची राजमतीला इच्छाही नसायची. त्या वह्यांचा कोरा वास तिला कुणाबरोबर वाटून घ्यायचा नव्हता.

भाद्रपद लागला, जैनांचं दहा दिवसांचं पर्युषण पर्व सुरू झालं, आणि वर्गबाईंनी कल्लाप्पाला बोलावून घेतलं. तो संध्याकाळी आला तो चपला काढायच्या आधीच बोलू लागला.

"आई, दप्तर कोण भरतंय गं?"

राजमती खुंटीवरच्या दप्तराकडे बघू लागली.

"बाई काय म्हणाल्या ठाऊक हाय? हिनं गृहपाठाची वही न्हाई आणली, तर म्हणती आज्जीनं घातली न्हाई. पट्टी न्हाई आणली, तर आज्जी विसरली. बाई मला विचारत्यात, पाचवीत ही हाय का तुमची आई हाय?"

ब्राह्मी दाराआडून फिस्सकन हसली. कल्लाप्पाने वळून बघितलं आणि ती नाहीशी झाली.

"संयमाच्या दिवशी गणिताची चाचणी हाय तिची. तवा बघू," तो आवाज खाली आणून म्हणाला. "तू लाड करतीस, आई, त्याचं मला काय न्हाई. पर लाडानं ती पांगळी व्हायली. मग वसतिगृहच बरं न्हवं का?"

रात्री पोरीच्या लाथा खात राजमती छताकडे बघत पडून राहिली. लेकाचं बोलणं लागलं होतं, कारण खरं होतं.

पर्वाचा एकेक दिवस एकेका गुणाचा; त्यातल्या संयमाच्या दिवशी राजमती उपवास करी आणि मौन धरी. सूर्य उगवल्यापासून दुसऱ्या दिवशीचा सूर्य उगवेपर्यंत. तोंडाने बोलायचं नाही, आणि तिच्या सासूची शिस्त अशी की हाताने खुणाही करायच्या नाहीत. खुणा करायच्या तर मग तोंडाने काय पाप केलं? आदल्या संध्याकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन तिने नियम घेतला. त्यामुळे दप्तर भरायचं राहिलं. घरी येऊन तिने पोरीला जवळ घेतलं.

"उद्या माझं मौन हाय. दप्तर तुझं तू भर. भिंतीकडं बघून भर."

"भरतो की. त्यात काय एवढं?"

"कंपासपेटी—"

"आज्जी! कळतंय मला!"

सकाळी राजमती सोप्यात, बाहेरच्या खोलीत, जपमाळ घेऊन बसली. पोरगी भिंतीवरच्या ओळीवर बोट ठेवून रंग म्हणत होती. हिरवी घेतली, जांभळी घेतली, पांढरी घेतली. राजमतीच्या बोटांतून मणी भराभर सरकले. मग ब्राह्मीने पेन्सिलीला टोक केलं, कंपासपेटी उघडून टोकयंत्र आत टाकलं, पेटी खिडकीत ठेवली, आणि मांजराचं पिल्लू म्याव म्हणालं म्हणून तिकडे पळाली.

परत आली ती दप्तराची चेन ओढत. पेटी खिडकीतच.

राजमतीच्या हातातला मणी जागच्या जागी थांबला. बाहेर आकारामने हॉर्न दिला. एक शब्द. एवढीशी मान हलवली असती तरी पुरे होतं. तिने नजर वर केली, तर समोर कल्लाप्पा चहाची बशी घेऊन बसलेला. त्यानेही पेटी पाहिली होती. तो पेटीकडे बघत होता, मग आईकडे, मग पुन्हा पेटीकडे. बोलत तोही नव्हता.

"जातो गं आज्जी! तू बोलू नको, मौन हाय तुझं!" पोरीने पायांना हात लावला आणि उड्या मारत गेली. जीप निघाल्याचा आवाज आला.

राजमतीने डोळे मिटले. तो दिवस तिला फार मोठा गेला. उपवास तिला कधी जड जात नसे, त्या दिवशी गेला. जप चुकला, पुन्हा सुरू केला, पुन्हा चुकला. दुपारी एकदा ती उठली आणि खिडकीतल्या पेटीवर जुन्या लुगड्याच्या पदराचा तुकडा टाकून आली, पोरगी उघड्यावर पडावी तसं तिला वाटत होतं. आपण धर्म पाळला, की पोरीचा जीव टांगणीला लावला? दिवाळीनंतर अंथरुणाची ती बाजू रिकामी असणार. हे ती मनात म्हणून बघत होती, आणि मन ते म्हणू देत नव्हतं.

साडेपाचच्या सुमाराला जीप आली. ब्राह्मी रोजच्यासारखी धावत आली नाही. सावकाश आली, आज्जीच्या समोर मांडी घालून बसली. कल्लाप्पा शेतावरून येऊन पाय धूत होता. त्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"वर्तुळ काढायचं होतं," पोरगी म्हणाली. "कंपास न्हवता. बाई म्हणाल्या, का गं, आज आज्जी विसरली का? सगळी हसायली. मी म्हटलं, न्हाई बाई. आज्जीचं मौन हाय. मीच विसरलो."

राजमतीचा हात तिच्याकडे जाऊ लागला. तिने तो मांडीवरच घट्ट धरून ठेवला.

"मग मी डब्याचं झाकण ठेवून वर्तुळ काढलं. लय झ्याक आलं, अबोलीपेक्षा गोल. पर मधला बिंदूच घावंना. बिंदूबिगर मार्क न्हाईत म्हणाल्या. पर बाई हसल्या. म्हणाल्या, मार्क गेलं, पर आज पयल्यांदा तू आलीस चाचणीला, आज्जी न्हाई आली."

पाठीमागे कल्लाप्पा खाकरला. "बिंदू न्हवता तर झाकण कशाला ठेवायचं? वाटी ठेवायचीस, पुऱ्या तरी कापता आल्या असत्या," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदाला ओशाळल्यासारखा आत गेला. आत जाताना बायकोला म्हणाला, ते सोप्यात ऐकू आलं, "ऱ्हाऊ दे आता हितंच. बघू."

ब्राह्मी उठली. खिडकीतल्या पेटीवरचा पदराचा तुकडा तिने उचलून बाजूला ठेवला, भिंतीकडे बघितलं, आणि उद्याच्या वह्या काढायला बसली. वह्या वाकड्यातिकड्या भरत होती. पिवळीवर जांभळी आडवी. राजमतीचे हात आपोआप पुढे झाले आणि जपमाळेवर परत आले. दिवस बुडाला. पोरीने दप्तर खुंटीला अडकवलं, टाचा उंचावून, कारण खुंटी राजमतीच्या उंचीची होती.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला. राजमतीने बस्तीत दर्शन घेतलं, पारणं केलं. बोलायला आता मोकळीक होती.

"आज्जी, जातो गं!"

ब्राह्मीने दप्तर पाठीला लावलं. चेन नीट लागली नव्हती. फटीतून हिरव्या इरकलीचा कोपरा बाहेर डोकावत होता, सासूच्या लुगड्याचा, लाल काठासकट. एवढं आत सारायचं राहिलं होतं. राजमतीने तोंड उघडलं.

"आई, मौन सुटलं न्हवं?" कल्लाप्पाने आतून विचारलं. "कालपास्नं गप हाईस. बोल की कायतरी."

"बोलतो रं," ती म्हणाली. "बोलायला समदा दिवस पडलाय."

जीप वळणाला लागेपर्यंत तो हिरवा कोपरा पोरांच्या गर्दीत दिसत होता. मग तो दिसेनासा झाला. राजमती आत आली आणि तिने डब्यातला एक खिळा शोधून काढला. तो तिने भिंतीत जुन्या खुंटीच्या खाली ठोकून घेतला, पोरीच्या हाताला सहज येईल इतका खाली.