अकराच्या शोचं लग्न

रूपाचं लग्न रोज सकाळी अकराला लागायचं, दुपारी दोनला लागायचं आणि चारला पुन्हा लागायचं.

करमाडच्या माळावर उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय थीम पार्कात जपान होता, इजिप्त होता, थर्माकोलचा बर्फ पाडणारं स्वित्झर्लंड होतं. आणि सगळं जग संपल्यावर, स्वच्छतागृहांच्या पलीकडे, भारत होता. भारतात काय दाखवावं यावर बाहेरच्या तज्ज्ञांनी पुष्कळ डोकं चालवून लग्न काढलं होतं. उद्घाटनाआधीच्या तालमींत रूपा इतक्यांदा बोहल्यावर चढली, की शेजारच्या आवडाबाई तिला दारातच विचारायच्या, "आज कितींदा उजवलं गं तुला?"

"तीनदा."

"नवरा तोच हाय ना पण?"

नवरा तोच होता. सत्यम, पोलीस भरतीची तयारी करणारा. अंतरपाटाआड तो पुटपुटत सामान्य ज्ञान पाठ करायचा. भटजी वैजनाथराव निवृत्त कारकून, आणि कारकुनासारखेच काटेकोर. मंगलाष्टकं म्हणायचे, अक्षता पडू द्यायचे, पण सप्तपदी मुद्दाम गाळायचे. "उगाच पोरीचं खरंच लागून बसेल," म्हणायचे.

रूपाचा पगार घरात यायला लागल्यापासून तिच्या खऱ्या लग्नाचा विषय निघेनासा झाला होता. विषय निघाला तो श्रेयाचा. श्रेया म्हणजे रूपाच्या साहेबरावकाकांची मुलगी. वय पंधरा, नववी झालेली. दहावीला एसटीनं शहरात जाईन म्हणत होती. पोरगी तिथल्या क्रांती चौकात कुणाशी बोलताना दिसली तर इज्जत कुठं ठेवायची, या एका काळजीनं काका वाळून चालले होते. त्यावर त्यांनी दौलताबादचं सत्तावीस वर्षांचं स्थळ शोधलं.

मागच्या महिन्यात गावात मांडव उभाही राहिला. पण ग्रामसेवक राजकुमार पोलीस घेऊन आला, लग्न थांबवलं आणि काकांकडून लिहून घेतलं. तेव्हापासून तो इतका सावध झाला, की एका घरी सत्यनारायणाला केळीचे खांब दिसले, तर तिथंही त्यानं जन्मदाखला मागितला. गावात लग्न लावायची सोय राहिली नाही.

उद्घाटनाच्या सकाळी मॅनेजर विश्वजित रूपाला म्हणाला, "आज तू फक्त अक्षता वाट. तुझ्या काकांनी विनंती केलीये, त्यांच्या मुलीला एक दिवस नवरी व्हायची हौस आहे. आणि परदेशी पाहुणे आहेत, म्हणून आज विधी पूर्ण. सप्तपदीसकट."

श्रेयाची हौस रूपाला ठाऊक होती. तिला सायकल हवी होती.

काहीतरी टोचत असतानाही रूपानं अक्षता वाटल्या. पहिल्या रांगेत मुख्य पाहुणे आणि परदेशी वकिलातींची माणसं. त्यांच्यामागं दोन रांगा फेटे आणि नऊवारी. प्रत्येकाच्या मनगटाला पार्काचा गुलाबी कागदी पट्टा. "एवढं तिकीट काढून लगीन पयल्यांदाच बघायलो बाप्पा," एक म्हातारा म्हणाला. "जेवायला पण कूपन हाय म्हणं."

तेवढ्यात कोपऱ्यात सत्यम दिसला. साध्या शर्टात.

"तू इथं? मग वर कोण हाय?"

"मला अकराच्या शोला सुट्टी दिली ना."

बोहल्यावर तोच दौलताबादचा नवरदेव उभा होता. समोर श्रेया, मान खाली. रूपा मांडवाच्या कडेला उभ्या काकूकडं धावली.

"काकू, हे काय चाललंय?"

"गप बस, रूपे. बोभाटा करू नको." काकूचे डोळे सुजले होते. "मी नाय म्हनलं व्हतं. माझं कोन ऐकतंय?"

मंगलाष्टकं सुरू झाली. चौथ्या रांगेत राजकुमार बायकोसह बसला होता, निमंत्रित म्हणून. रूपा त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"साहेब, थांबवा! हे खरं लगीन हाय!"

राजकुमार बायकोला म्हणाला, "बघ, कलाकार प्रेक्षकांतसुद्धा सोडलेत."

"ती श्रेया हाय! साहेबरावांची!"

राजकुमार उठला. त्यानं चष्मा पुसून घातला आणि त्याचा चेहरा उतरला. नेमका तेव्हाच बँड वाजला आणि मांडवभर अक्षता उडाल्या. त्याच्याही हातून उडाल्या, मूठ भरलेलीच होती.

तो एक पाऊल पुढं गेला आणि थांबला. त्यानं पहिली रांग पाहिली, मग बायको पाहिली. "बालविवाहात सामील होणाराही गुन्हेगार असतो," तो हळूच म्हणाला. "कुणाकुणाला धरू, रूपा? हिनं तर दोन मुठी टाकल्या." आणि तो खाली बसला.

मग रूपाच बोहल्यावर चढली. सप्तपदी चालू होती.

"थांबा! ही पंधरा वर्साची हाय! हिला शाळेत जायचंय!"

बँड थांबला. सगळं शांत झालं. दुभाष्यानं परदेशी पाहुण्यांच्या कानात सांगितलं, "सामाजिक संदेश." मुख्य पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मग सगळेच उठले.

"ताई, मला नाय करायचं," श्रेया रडत म्हणाली. माईक चालू होता. टाळ्या वाढल्या.

वैजनाथराव चौथ्या पावलाशी अडकले होते. "साहेबराव, खरं की काय हे?"

"नाटकात जीव ओततीय, गुरुजी. तुम्ही चालू द्या."

वैजनाथरावांनी पोरीकडं पाहिलं, मग विश्वजितकडं. विश्वजित मनगटावरचं घड्याळ दाखवत होता. यानंतर जपानी ढोल होते. उरलेली पावलं त्यांनी घाईनं उरकली. दोन रखवालदारांनी रूपाला अदबीनं खाली नेलं.

वऱ्हाड बाहेर पडायच्या दारातून गेलं. तिथं प्रत्येकाचा कागदी पट्टा कापत होते. श्रेयाचाही कापला. भिंतीवरचं यंत्र तिला म्हणालं, "पुन्हा अवश्य या."

रूपानं राजकुमारला फाटकाशी गाठलं. "केस करा, साहेब."

"करतो ना. साक्षीदार आण."

"एवढा मांडव भरला व्हता!"

"व्हय. आणि त्यातला प्रत्येक जण शपथेवर सांगेल, नाटक होतं म्हणून." तो वाईट माणूस नव्हता. पण त्यानं गाडी सुरू केली.

मागून विश्वजित धावत आला. "रूपा! काय ओरडलीस! अंगावर काटा आला. दोनला आज भाषणं आहेत, पण चारच्या शोला ठेव ते. फक्त जरा आटोपशीर कर."

चारला रूपा हिरव्या शालूत उभी राहिली. समोर सत्यम होता, पण आज तो काही पाठ करत नव्हता. पहिलं मंगलाष्टक संपलं, तेव्हा तिनं मुंडावळ्या सोडल्या आणि माईक हातात घेतला.

"श्रेया साहेबराव दांडगे. करमाड. वय पंधरा. आज सकाळी ह्याच जागंवर तिचं खरं लगीन लावलं. ती नाय म्हणत व्हती. आत्ता ती दौलताबादला हाय. हे नाटक नाय."

टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी शिट्टीही मारली. रूपानं टाळ्या संपायची वाट पाहिली, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. नाव, गाव, वय.

या खेपेला टाळ्या जरा उशिरा पडल्या.