काळ्या घरांच्या पेठेतली हातरिक्षा

मी एक जुनी हातरिक्षा आहे. मित्रांनो, तुमच्या ओळखीची, भाडे नाकारणारी रिक्षा ती नव्हे; मला दोनच चाके आहेत आणि मला माणूस ओढतो. जपानातल्या कावागोए शहरातली काळ्या घरांची पेठ हेच माझे जग. एका जागी उभे राहणे मला मुळीच सोसत नाही. दांडे जमिनीला टेकले की माझी चाके शिवशिवू लागतात.

एका सुताराने मला घडवले, लाखेचा रंग दिला, वर लाल गादी घातली. पहिली काही वर्षे लोक माझ्याकडे वळून वळून बघत. पुढे नव्या रिक्षा आल्या, माझा रंग उडाला, आणि मी पेठेतली म्हातारी झाले. मला ओढणारे इवाओमामा मात्र बदलले नाहीत. चाळीस वर्षे त्यांनी मला ओढले.

यंदा त्यांचा गुडघा कुरकुरू लागला. त्यांची भाची चिझुरु रताळ्याच्या मिठाईचे दुकान चालवते. तिने ठणकावले, "मामा, गुडघा आणखी एकदा अडला ना, की रिक्षा माझ्या दुकानापुढे ठेवायची. लोक फोटो काढतील."

"बरं, बघू," मामा म्हणाले. म्हणजे नाही. पण माझी चाके करकरली. फोटोसाठी जन्मभर उभे राहायचे?

दुसऱ्याच दिवशी तोमिए नावाच्या आजी गादीवर बसल्या. मामा ओढता ओढता नेहमीचा इतिहास सांगू लागले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मोठी आग लागली, मातीच्या जाड भिंतींची घरे तेवढी वाचली, म्हणून पुढे सगळ्यांनी तशीच बांधली.

"आग आली की दाराच्या फटी चिखलानं लिंपायच्या," मामा म्हणाले. "त्या समोरच्या घरात चिखल संपला, तर आमटीसाठी आंबवलेल्या सोयाबीनचं वर्षाचं मिसोच फासलं! घर वाचलं, पण वर्षभर आमटी नाही."

"कोण म्हणतं नाही?" आजी फणकारल्या. "आमचंच घर ते. मिसो खरवडून खाल्लं सगळ्यांनी. धुराचा वास यायचा म्हणे, पण टाकतंय कोण?"

मामा इतके हसले की मी गदगदा हलले. फेरी झकास झाली. गुडघाही गुमान राहिला.

घोळ झाला निरोपाच्या वेळी. पाहुणा कोपऱ्याआड होईपर्यंत वाकून उभे राहायचे, ही आमची रीत. आजी दोन पावले चालत, वळून वाकत. मग मामाही वाकत. आजी पुन्हा वळत. कोणी आधी थांबायचे? मला तर राहवेना. जा ना आता, बाई! एकोणिसाव्या नमस्काराला मामांचा गुडघा अडकला तो अडकलाच.

कुणीतरी चिझुरुला बोलावले. ती धावत आली. माझ्या दांड्याला धरून वाकडे उभे असलेले मामा तिने पाहिले. माझे फिरणे आता संपले, असे मला वाटले.

"बसा गादीवर," ती म्हणाली.

"छे! ओढणाऱ्यानं तिथं बसायचं नसतं."

"मग पाठुंगळी घेते. सगळी पेठ बघेल."

मामा निमूट बसले. चिझुरुने दांडे उचलले. ती मला वाकडीतिकडी ओढत होती.

"डावीकडे खड्डा आहे! अगं, कोपरं खाली!"

"पाहुण्यांनी गप्प बसावं."

मामा खरोखरच गप्प झाले. ओढणाऱ्याची नजर कायम रस्त्यावर असते. छपरांकडे बघायला त्यांना सवड कुठली! आज मान वर करून ते एकेक काळे छप्पर पाहत होते. घंटेच्या मनोऱ्याखाली ते हळूच म्हणाले, "चिझुरु, थांब जरा. लोकांना नुसतं सांगतच राहिलो गं मी. पाहिलं नव्हतं."

ती थांबली. मग दांड्यांवरची पकड नीट करत तिने विचारले, "मामा, उद्या पाहुण्यांना आधी कुठल्या गल्लीत न्यायचं?"

मित्रांनो, जुन्या वस्तूला शोभेसाठी मांडून ठेवू नका, तिला वापरत राहा. आणि तुमच्यासाठी जन्मभर राबणारा कोणी असेल, तर त्याला एकदा तरी गादीवर बसवा.