हिरव्या बाकाची तालीम

शाळेत कुणी एकटं पडू नये, म्हणून मुख्याध्यापिका मोठ्या बाईंनी मैदानाच्या कडेला एक हिरवा बाक ठेवला होता. ज्या मुलीला कुणी खेळायला घेत नाही तिने तिथे बसायचं, मग कुणीतरी येऊन तिचा हात धरून न्यायचं. कल्पना इतकी गोड, की मळू नये म्हणून बाकाभोवती दोरी बांधली. बसायचं असेल तर मोठ्या बाईंच्या सहीची चिठ्ठी हवी, तीही दोन दिवस आधी. एकटेपणाने जरा आधी कळवलं तर काय बिघडतं?

सहावीत एक मुलगी नव्याने येऊन चार महिने झाले, तरी वर्गात तिचं नाव अजून ‘नवी’च. रोज जिन्याखाली बसून ती एकटीच डबा खायची. एकदा तरी त्या बाकावर बसावं आणि कुणीतरी ‘चल’ म्हणावं, एवढंच तिच्या मनात होतं.

अशात आपुलकीचं बक्षीस देणारे पाहुणे येणार असं ठरलं. त्यांना बाकाचं प्रात्यक्षिक दाखवायचं. एकटी मुलगी म्हणून निवड झाली मॉनिटरची, जिच्या मागेपुढे सदा दहा जणी. तिला न्यायला सहा मैत्रिणी नेमल्या. आठवडाभर तालीम चालली.

नवीने धीर करून विचारलं, “बाई, मी बसू? मला पाठ करावं लागणार नाही.”

“अगं बाळा,” बाई मायेने म्हणाल्या, “तू खरंच रडवेली दिसतेस. पाहुण्यांना वाईट वाटेल ना! तू दोरी धर हं.”

त्या सकाळी शिपाईमामांनी हौसेने बाकाला रंगाचा आणखी एक हात दिला. पाहुणे आले. नवीने दोरी सोडली. मॉनिटरने बाकाला बोट लावलं नि ती मागे सरली.

“ओला आहे! आई फाडून खाईल मला.”

“बस!” बाई हसरा चेहरा न मोडता पुटपुटल्या.

“नाही बाई, कालच शिवून आणलाय स्कर्ट.”

आणि नवी जाऊन बसली. चिठ्ठीशिवाय.

सहा मैत्रिणी जागच्या हलेनात. त्यांना मॉनिटरला बोलवायचं पाठ होतं. हिचं नाव कुणाला ठाऊक? पाहुणे घड्याळ बघू लागले. नवीने बसावं तर कुणी येत नाही, उठावं तर मागे हिरवे पट्टे.

मॉनिटरने एकदा स्कर्टकडे पाहिलं, एकदा नवीकडे. कुणीच आलं नाही तर कसं दिसतं, हे काही तालमीत नव्हतं.

“सरक जरा,” ती शेजारी टेकत म्हणाली. “आणि नाव काय गं तुझं?”

नवीने सांगितलं. दोनदा सांगितलं.

मोठ्या बाईंनी लगेच टाळ्या सुरू केल्या आणि हे सगळं आपणच बसवल्याचं पाहुण्यांना सांगितलं. बक्षीस मिळालं.

दुसऱ्या दिवशी बाकाला पुन्हा नवा रंग लागला, भोवती दुहेरी दोरी आली. जिन्याखाली मात्र दोन डबे उघडले होते.

“आई काय म्हणाली?” तिने मॉनिटरला विचारलं.

“खाल्लं फाडून,” मॉनिटर म्हणाली. “तुझ्या डब्यात काय आहे?”