मोहटोल्याच्या फाट्यावरचा पाला

गुणवंतराव घाबरट होते आणि ते लपवावं असं त्यांना कधी वाटलंच नाही. दस्त करून देणारा माणूस आजारी असला, अंथरुणाला खिळलेला असला, की रजिस्ट्री कचेरीतून त्याच्या घरी जाऊन अंगठा घेऊन यायचं काम त्यांच्याकडे असे. म्हणजे निम्मा महिना जंगलात. वाघ एक वेळ परवडला, पण जमिनीवरून भांडणारे भाऊबंद नकोत, असं ते म्हणत. म्हणून ज्याचं काम त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही, त्याच्या गावात मुक्काम करायचा नाही, आणि काम फिसकटलं तर तोंड गोड ठेवून पाय काढता घ्यायचा. कचेरीतले लोक हसत. "शिर सलामत तो पगडी पचास," असं म्हणून गुणवंतराव पान लावत.

सत्तावन्न सालच्या चैत्रात मोहटोल्याहून अर्ज आला. रुखमाबाई नावाच्या म्हाताऱ्या विधवेला आपली बांधी, म्हणजे धानाचं शेत, पुतण्याला, लच्छूला, बक्षीस करून द्यायची होती. कमरेखालचं अंग लुळं पडलेलं, खाटेवरून उठणं नाही, तेव्हा साहेबांनीच यावं.

गुणवंतराव गेले. लच्छूनं वाकून रामराम घातला. "काकीचं सारं मीच करून राह्यलो, साहेब," तो म्हणाला. त्याच वेळी शेजारची गुणाबाई म्हातारीला भरवून, तिचं तोंड पुसून बाहेर येत होती.

गुणवंतरावांनी रिवाजाप्रमाणे सगळ्यांना अंगणात घालवलं, दार लोटून घेतलं आणि विचारलं, "बाई, जमीन राजीखुशीनं देता ना?"

रुखमाबाईनं आधी दाराकडे बघितलं. मग इतक्या हळू बोलली की त्यांना खाली वाकावं लागलं.

"मले नाई देयाची. माह्या पोरीले देयाची हाय, तिले सिरोंच्याकडं देल्ली. हा लच्छू मनते, अंगठा नाई देल्ला त जीव घेईन. तुमी मले संगं घेऊन चाला, साहेब."

चादरीखाली तिचे पाय काटक्यांसारखे पडले होते. हिला न्यायची म्हणजे गाडी हवी, चार माणसं हवीत, लच्छूशी वाकडं घ्यायला हवं.

"बघतो, बाई," गुणवंतराव म्हणाले. सरकारी माणसाच्या तोंडात हा शब्द तयारच असतो.

बाहेर अंगणात आले तर लच्छू दाराशीच उभा, मागे गुणाबाई. हातात कुऱ्हाड; लाकडं फोडत होता म्हणे. कागदात खोट आहे, शिक्का विसरलो, पुढच्या आठवड्यात येतो, असलं काहीही सांगता आलं असतं. वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला थापा काय शिकवायच्या? पण भीतीनं अक्कल गहाण पडते. आपल्यावर काही येऊ नये एवढंच त्यांना सुचलं.

"माझ्याकडून काही अडचण नाही हो, लच्छूभाऊ," ते म्हणाले. "बाईच नाही म्हणतात."

लच्छू हसला. "म्हातारपन हाय, साहेब. मी समजावतो तिले."

दिवस मावळायच्या आत गुणवंतराव पुढच्या गावी कमरुद्दीनकडे पोचले. कमरुद्दीन मिठामिरचीचा व्यापारी, त्यांचा जुना स्नेही. जेवताना सगळं ऐकून त्यानं हातातला घास खाली ठेवला.

"आन् बाईले तितंच सोडून आले?"

"मी काय पोलीस आहे का?" गुणवंतराव म्हणाले. त्यांना झोप चांगली लागली.

सकाळी कमरुद्दीनच्या गाड्या तालुक्याला निघाल्या, तेव्हा तेही बसले. मोहटोल्याच्या फाट्याशी गाड्या थांबल्या. रस्त्याच्या कडेला हिरव्या पाल्याचा ढीग होता. वाघानं माणूस मारला की त्या जागी येणाराजाणारा एक डहाळी टाकतो, ही इकडची रीतच. काल तिथे काही नव्हतं. तीन-चार माणसं उभी होती आणि गुणाबाई मातीत बसली होती.

कमरुद्दीननं पळसाच्या दोन डहाळ्या मोडल्या, एक त्यांच्या हातात दिली. "कोणाले नेलं, भाऊ?" त्यानं विचारलं.

"रुखमाबाईले," एकजण खाली बघत म्हणाला. "लच्छू मनते, पहाटंच मोहफुलं येचाले आली होती."

मोहफुलं वेचायला. गुणवंतरावांना आधी ते नीट कळलंच नाही. मग एकदम कळलं. त्यांनी गाडीच्या चाकाला धरलं. इथून मोहटोला अर्धा कोस. ढिगात डहाळ्याच डहाळ्या होत्या. म्हणजे अर्ध्या गावानं येऊन पाला टाकला होता, आणि ती चालू शकत नव्हती हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"गुणाबाई," ते कसेबसे म्हणाले, "त्यांना तर कूससुद्धा बदलता येत नव्हती."

"नव्हती येत."

"मग इथवर..."

गुणाबाईनं मान वर केली. डोळे कोरडे होते, आवाजही चढलेला नव्हता.

"मी रोज तिले घास भरवला, साहेब, पन मले नाई सांगतलं तिनं. गावात कोणालेच नाई. फक्त तुमाले सांगतलं," ती म्हणाली. "आन् तुमी आंगनात उभं राहून ते लच्छूले सांगून टाकलं."