कागदावरची काळी रेघ

"रेघ आली! काळीकुट्ट!" धक्क्यावरची गर्दी एकदम मागे सरली. मांत्रिक बाबांनी नावेच्या इंजिनातून ओढून काढलेला जाड कागद उंच धरला होता आणि त्यावर खरोखरच काळा ओरखडा होता.

"सावली निघाली!" बाबा गरजले. "इंजिनाच्या मानगुटीवर बसली होती. आणि ज्याची सावली, ते माणूस नाववाल्यांच्याच घरातलं आहे."

नावेच्या मालकीणबाईंनी सुनेकडे पाहिलं. ती चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन आली आणि त्याच सुमारास इंजिन भर पाण्यात बंद पडू लागलं. एवढा पुरावा लोकांना पुरला. मी पलीकडच्या शाळेत विज्ञान शिकवते, रोज याच नावेने जाते. खोटं कशाला बोलू? बाबांच्या कागदानंतर इंजिन दोरीच्या पहिल्याच झटक्याला सुरू व्हायचं. दोन-तीन दिवस चालायचं. मग पुन्हा तेच रडगाणं आणि पुन्हा बाबा.

आज शेवटची परीक्षा होती. सुनेने नावेत बसायचं. इंजिन बंद पडलं, तर पलीकडे उतरून कायमचं माहेर गाठायचं. सासूबाईंनी तिची पिशवी भरूनच आणली होती. सुकाणूवर बसलेला नवरा आईपुढे तोंड उघडत नव्हता. बाबा आणि सासूबाई जातीने सोबत निघाले; मी शाळेसाठी नावेत होतेच.

"अगं, बोल की काहीतरी," मी तिच्या कानाशी म्हटलं.

"बोलले होते, बाई. माझे वडील स्कूटर दुरुस्त करतात. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधली फट बघा, म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, स्कूटर वेगळी, नाव वेगळी."

नदीच्या मध्यावर इंजिन खोकलं, अडखळलं, थांबलं. प्रवाह नावेला बंधाऱ्याकडे ओढू लागला. तिथून पाणी कोसळत असल्याचा आवाज येत होता.

"बघितलंत?" बाबांनी झाकण काढलं, दोरीने फिरणाऱ्या चक्राच्या खिडकीतून आत कागद घातला, पुटपुटले, ओढला. रेघ आली. नवऱ्याने दोरी खेचली. एकदा, तीनदा, सातदा. इंजिन ढिम्म.

"ही नावेत आहे तोवर चालायचं नाही!" बाबांचा आवाज चिरकला.

बंधाऱ्याची भिंत दिसू लागली. सून उठली. "अहो, स्क्रूड्रायव्हर द्या."

"हात लावू नकोस!" सासूबाई ओरडल्या. नवऱ्याने आईकडे पाहिलं, मग भिंतीकडे, आणि स्क्रूड्रायव्हर बायकोच्या हातात दिला.

तिने चक्र हळूहळू फिरवलं. "हे बघा, पूर्ण उघडूनही केसाएवढीच फट. जवळजवळ अर्धा मिलिमीटर हवी." मग तिने बाबांच्या हातातला कागद सरळ काढून घेतला, दुहेरी घडी घालून बोटांत चाचपून जाडी जोखली. स्क्रू सैल केला, फटीत ती घडी जेमतेम मावेल इतका पॉइंट सरकवला, स्क्रू घट्ट केला. "बाई, वहीचं पान द्या." चक्र फिरवून तिने पॉइंट मिटवले आणि ते पान त्यांच्यामधून ओढलं. काळी रेघ!

"हे तर मंतरलेलं नाही, बाबा," मी म्हणाले.

नवऱ्याने दोरी खेचली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. भिंत वीस हातांवर होती.

काठाला लागेपर्यंत मी सगळ्यांना समजावलं. ते दोन पॉइंट उघडतात त्याच क्षणी ठिणगी पडते. ते उघडणारा लहानसा तुकडा घासून झिजला की फट कमी होते, ठिणगी दुबळी होते, उशिरा पडते, पॉइंटवर काजळी धरते. कुठलाही जाड कागद काजळी पुसतो, म्हणून दोन दिवस बरं चालतं. फट मात्र कमीच होत राहते. आज ती इतकी मिटली होती की नुसतं पुसून भागलं नाही. "उद्या दुसरं काही बंद पडेल," मी म्हणाले. "तेव्हा झाकण उघडून कारण शोधा. हात जोडून सांगते, माणसावर खापर फोडू नका."

काठ आला. बाबा सर्वांत आधी उतरले आणि कागद मागायलाही थांबले नाहीत. सासूबाईंनी पिशवी उचलली. "चल, परत घरी जाऊ."

सून जागची हलली नाही. "आधी सगळ्यांसमोर सांगा, आई. ती सावली कोणाची होती?"

सासूबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. उतरणारी माणसं थांबली होती.

"काजळी होती ती," त्या म्हणाल्या. "तुझी नव्हती."