हात वाळेपर्यंत

"काढून टाकलं का तुम्हाला?" आईनं दारातच विचारलं. भरदुपारी बाबांना घरी पाहून तिला दुसरं काय वाटणार? त्यांच्या हातात सकाळी नेलेला डबा जसाच्या तसा होता.

"काढतात कशाला? जेवायची सुट्टी आहे," बाबा म्हणाले आणि चपला काढता काढता असे हसले, की तापानं पडलेली मीही उठून बसले.

बाबा इस्पितळाच्या धुलाईखान्यात बॉयलर सांभाळायचे. तिथं जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी सक्तीची आणि बिनपगारी. रोजच्या रोज ती न चुकता कापली जायची. पण पेटता बॉयलर सोडून हलायचं नाही, हाही नियमच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बाबा वाफेच्या काट्यावर डोळा ठेवून उभ्याउभ्या चार घास ढकलायचे, आणि पहिला घास घेतला की काटा हलायचाच. "मेला माझ्या डब्यावर टपलेला असतो," म्हणायचे.

शेवटी युनियनच्या लोकांना घेऊन ते साहेबांपुढे उभे राहिले. जन्मात कधी आवाज न चढवलेला माणूस. तिथंही चढवला नाहीच. "साहेब, सुट्टी माझी म्हणून कापता ना? मग ती मला द्या तरी." साहेब म्हणाले, बरं, कापत नाही, पण तिथंच जेवा. सोबतीही म्हणाले, घ्या की काका, चालून आलंय ते कशाला सोडता? पण बाबा हटून बसले. त्यांना सुट्टीच हवी होती. तेव्हा कुठे तेवढ्या वेळापुरता बदली माणूस मिळाला.

"एवढं भांडलात ते डबा फिरवून आणायला होय?" आई म्हणाली.

"घरी जेवायचं होतं. तुझ्याबरोबर."

आई लाजली, आणि ते लपवायला त्यांच्यावरच डाफरली, "मग उभे काय राहिलात? बसा."

पण उभी तर तीच होती. तिचं अर्धवट जेवलेलं ताट ओट्यावर होतं आणि एक कान आतल्या खोलीकडे. आत आजी, म्हणजे बाबांची आई, अंथरुणाला खिळलेली. हात वाळेपर्यंत ताटावर बसून राहणं ही आमच्याकडे पाहुण्यांची चैन.

आई ताट घेऊन त्यांच्यासमोर बसली. घास तोंडाशी नेला, तोच आत आजीनं काठी आपटली. आई लगेच उठली.

"रोज असंच?" बाबांनी विचारलं.

"मग? त्यांना काय माहीत, माझा घास कुठवर आलाय."

"बस तू."

"अहो, पण तुमची सुट्टी..."

"माझीच आहे ना? कुणाला द्यायची ते मी बघीन."

बाबा आत गेले. आजीचा आवाज आला, "तू? काढलं का रे तुला?" मग पाणी, मग कूस, मग उशी. उशीवरून आजी कुरकुरली, "तुला नाही जमायचं. तिला बोलव."

"ती जेवतेय."

"अजून?"

"अजून."

मला आईबाबांची फार माया आली. आई सुरुवातीला कावरीबावरी होऊन घास घेत होती, मग हळूहळू सावकाश चावू लागली.

बाबा बाहेर आले, घड्याळ पाहिलं आणि चपला घातल्या. डबा उघडलाच नव्हता.

"चार घास तरी खाऊन जा," आई म्हणाली.

"तिथं खाईन. मला सवय आहे उभ्यानं जेवायची."

"आणि उद्या?"

"येतो की. सुट्टी रोजची आहे." त्यांनी जाताना दार ओढून घेतलं.

आई तशीच बसली होती. ताट केव्हाच रिकामं झालं होतं. "भांडी मी घासू का?" मी विचारलं.

"थांब गं जरा," ती म्हणाली. तिचा हात वाळला होता.