बहीजाची वाकडी करंगळी

"बाईचा हात काठीला लागला तर खेळ पडतो. का, ते विचारायचं नाही."

ती काठी मी. हा नियम माझ्याबद्दलचा, पण मला कुणी विचारून केलेला नाही. आज माझी मखमल झडली आहे, खिळे तीनच उरले आहेत, आणि आता बोलायला मी कुणाची परवानगी मागणार नाही.

मी जन्मले ती सिंहासनाचा पाय म्हणून. कैरोत इमाद अद-दीन रस्त्यावर फिक्री नाटक मंडळी होती. एका खेळात राजा जरा जोरात बसला, सिंहासन मोडलं आणि प्रेक्षक पोट धरून हसले. सुताराने मला तासलं, डोक्याला जुन्या पडद्याची लाल मखमल गुंडाळली, पितळी खिळे ठोकले. मला काम मिळालं: पडदा उघडण्याआधी फळ्यांवर तीन ठोके. पहिल्या ठोक्याला भोपळ्याच्या बिया फोडणारे दात थांबतात. दुसऱ्याला आया लेकरांना गप्प करतात. तिसऱ्याला हजार माणसं श्वास धरतात. तो क्षण माझा असे, पण मला धरणारा हात कायम उस्ताद फिक्रींचा.

उस्ताद म्हणजे मालक, दिग्दर्शक आणि नायकही. साठी उलटल्यावरही मिशांना काजळ फासून प्रियकराची कामं करत. ठोके झाले की उरलेला वेळ मी नटांच्या पोटऱ्यांवर वाजायची.

बहीजा तंटा नावाच्या गावच्या जत्रेत गायची. सोळाव्या वर्षी मंडळीत आली. तिसऱ्याच दिवशी मी भिंतीवरून घसरून पडले आणि तिने मला उचललं. पडलेली वस्तू माणूस उचलतोच.

"ठेव ती!" उस्ताद गरजले.

"पडली होती, उस्ताद."

"बाईने हात लावायचा नाही तिला."

"का?"

उत्तर त्यांनी माझ्याकडून दिलं. तिच्या हातातून मला हिसकावून तिच्याच बोटांवर हाणलं. करंगळीचं हाड मोडलं. ते मला आतपर्यंत कळलं.

मंडळीतल्या जुन्या नटी सनियाबाईंनी तिच्या बोटाला फडकं बांधलं. "रडू नकोस, ग. आम्हीही खाल्लाय. उस्तादांचा मार बसला म्हणजे नशीब उघडलं असं समज." मला उस्तादांपेक्षाही या बाईचा राग जास्त येतो.

करंगळी वाकडीच जुळली. पुढे बहीजा रंगमंचावर राणी झाली, आणि राणीने पेला उचलला की ती करंगळी बाजूला डौलात उभी राहायची. सिनेमावाले तिला घेऊन गेले. पडद्यावर ते बोट खजुराच्या झाडाएवढं दिसलं. मग कैरोतल्या शिंपिणी, मास्तरणी, बड्या पाशा-सरदारांच्या लेकीसुद्धा चहा पिताना करंगळी वाकडी करू लागल्या.

मासिकवाल्यांनी विचारलं, ही अदा आली कुठून? उस्ताद मिशी कुरवाळत म्हणाले, "मी शिकवली. सहा महिने घाम गाळला."

बहीजाने ते तसंच छापू दिलं. चाळीस सिनेमे केले, तरी दर हिवाळ्यात मंडळीत परत यायची. एवढंच नाही, नवी मुलगी आली की तीच बजावायची, "त्या काठीला हात लावू नकोस."

"का, ताई?"

"विचारू नकोस."

मी भिंतीला टेकून ऐकायची. वाटायचं, त्यापेक्षा वाळवीने खाल्लं असतं तर बरं.

मंडळीला तीस वर्षं झाली, त्या दुपारची गोष्ट. नाट्यगृह भरलेलं, रेडिओवाले तारा अंथरून बसलेले. खेळाआधी बहीजाने पडद्यासमोर जायचं, उस्तादांच्या हाताचं चुंबन घ्यायचं आणि म्हणायचं, "ही करंगळी उस्तादांची देणगी आहे." नटांना ओळी पुरवणाऱ्या अनीसकाकांनी ते लिहून दिलं होतं.

बहीजाने कागद वाचला आणि परत केला.

"अख्खी राणी पाठ आहे तुला," अनीसकाका म्हणाले. "एक ओळ जड झाली?"

"खोटी आहे."

सनियाबाई फिसकन हसल्या. "नटी म्हणे खोटं बोलणार नाही! मग जा, मुळे वीक बाजारात."

"नाटकातलं खोटं समोरच्याला माहीत असतं, सनियाबाई. हे नाही."

उस्तादांनी मला भिंतीला टेकवलं आणि हाताची घडी घातली. "जत्रेतून उचलून आणली तुला. आज नाही म्हणालीस तर या फळ्यांवर पुन्हा पाय ठेवायचा नाही. आणि माझ्या ठोक्यांशिवाय पडदा उघडत नाही. बस विचार करत."

बाहेर लोक टाळ्या पिटून घाई करू लागले होते. दासीच्या वेशातली वदीदा, मंडळीतली सगळ्यात नवी मुलगी, माझ्या शेजारीच उभी होती. दोन्ही हात पाठीमागे घट्ट लपवून. मला चुकून स्पर्श होऊ नये म्हणून. बहीजाने ते हात पाहिले.

मग ती सरळ माझ्याकडे आली. तिची चार बोटं माझ्याभोवती आवळली. पाचवं बसेना, ते वाकडंच बाहेर राहिलं.

"ठेव ती!" बावीस वर्षांपूर्वीचेच शब्द.

"नाही."

"बये, खेळ पडेल!" सनियाबाई किंचाळल्या.

"पडू दे. आधी हे बोट कुणी आणि कशाने मोडलं ते मी पडद्यासमोर सांगणार. मग राणीचं काम करणार. लोकांना नको असेल तर ते उठून जातील. तुम्ही मला काढायचं नाही."

"काठी माझी आहे!" उस्ताद म्हणाले.

"बोट माझं आहे."

तिने मला उचलून फळ्यांवर आपटलं. बिया फोडणारे दात थांबले. दुसरा ठोका. लेकरं गप्प झाली. तिसरा ठोका मी माझं सगळं लाकूड पणाला लावून दिला.

पलीकडे हजार माणसांनी श्वास धरला. अलीकडे उस्तादांच्या हातांची घडी सुटली. सनियाबाई जमिनीकडे बघत राहिल्या. अनीसकाकांच्या हातातला कागद खाली पडला, आणि तो उचला असं कुणालाच कुणी म्हणालं नाही.